‘किबासेन’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

होरिकोशी कोहेई यांच्या ‘माय हीरो अकॅडेमिया’ या मांगाची, म्हणजे जपानी चित्रकथेची गोष्ट आम्ही दोघी मैत्रिणी शाळकरी मुलांसाठी मराठीत लिहून काढतोय. त्यातल्या यूए हायस्कूलच्या क्रीडामहोत्सवापर्यंत पोचलोय. पहिली फेरी म्हणजे अडथळ्यांची शर्यत, तिथे काहीच अडलं नाही. दुसऱ्या फेरीला इंग्रजी भाषांतरात ‘कॅव्हलरी बॅटल’ म्हटलंय, म्हणून आम्ही ‘घोडदळाची लढाई’ लिहिलं. माझ्या सहावीतल्या भावाने वाचून पहिला प्रश्न विचारला, “पण यात घोडे कुठायत?” खरंच, घोडा एकही नाही. तिघं मिळून एकाला उचलतात आणि वरचा दुसऱ्यांच्या डोक्याच्या पट्ट्या ओढतो. मूळ शब्द ‘किबासेन’ आहे, एवढं कळलं. त्याला मराठीत काय लिहावं? आणि रायडर, हेडबँड, पॉइंट या शब्दांचं काय करावं?

उत्तर

तुझ्या भावाने नेमकं दुखणं पकडलंय. ‘किबा’ म्हणजे घोड्यावरचा स्वार, ‘सेन’ म्हणजे लढत. अक्षरं सुटी करून पाहिली तर घोडदळाचीच आहेत. पण जपानी मुलाला हा शब्द ऐकून रणांगण आठवत नाही, शाळेचं मैदान आठवतं. शाळेच्या क्रीडादिनाला तिथे ‘उंदोकाई’ म्हणतात. १८७४ साली तोक्योतल्या त्सुकिजी इथे नौदलाच्या शाळेत इंग्रज शिक्षकांनी मैदानी खेळांचा मेळा भरवला, तिथून ही प्रथा सुरू झाली असं मानतात. किबासेन हा त्या दिवसाचा ठरलेला खेळ. मुलं लाल आणि पांढऱ्या अशा दोन बाजूंत वाटलेली असतात. हे दोन रंगही जुने आहेत. ११८० ते ११८५ या काळात तैरा आणि मिनामोतो या घराण्यांत जे युद्ध झालं, त्यात तैरांची निशाणं लाल होती आणि मिनामोतोंची पांढरी.

आता घोडा कसा होतो ते नीट बघ, कारण शब्द तिथेच सापडेल. तिघं खाली असतात. एक पुढे उभा राहतो. मागचे दोघं आपला आतल्या बाजूचा हात पुढच्याच्या खांद्यावर टाकतात आणि बाहेरच्या हाताने त्याचा हात धरतात. खांद्यावरच्या त्या दोन हातांवर चौथा बसतो. त्याचे पाय कुठे असतात? दोन्ही बाजूंना जुळलेल्या पंजांत. म्हणजे ते पंजे झाले रिकिबी. खोगीर आहे, रिकीब आहे, पुढे घोड्याचं तोंड आहे. अख्खं जनावर माणसांच्या हातापायांतून उभं केलंय.

म्हणून मला ‘घोडदळ’ खटकतं. घोडदळ हा समूहवाचक शब्द आहे, पायदळाच्या जोडीचा. एका घोडदळात शेकड्यांनी स्वार असतात. इथे चार जणांचा मिळून जेमतेम एकच स्वार होतो. इंग्रजीने जपानी शब्दाचं भाषांतर केलं आणि आपण इंग्रजीचं करतोय, त्यात खेळ मागे राहिला आणि फौज पुढे आली. माझं मत ‘स्वारांची लढत’ या बाजूने आहे. ‘लढाई’ नको, ‘लढत’ हवं. जपानीत अंतिम सामन्यालाही ‘केश्शोसेन’ म्हणतात, त्यात तोच ‘सेन’ आहे. आपण ‘अंतिम लढत’ म्हणतो ते अगदी त्याच चालीचं.

रायडरला ‘स्वार’, खालच्यांना ‘घोडा’. तिघं असले तरी घोडा एकच, हे मात्र सांभाळ. नायक मिदोरिया स्वार असेल तेव्हा ‘मिदोरियाचे घोडे’ लिहू नकोस, ‘मिदोरियाचा घोडा’ लिही. त्या घोड्याचं तोंड तोकोयामी, मागे उराराका आणि हात्सुमे. तोदोरोकीच्या घोड्याचं तोंड इइदा. बाकुगोच्या पुढे किरिशिमा, कारण बाकुगोच्या स्फोटांसमोर टिकून राहणारं अंग त्याचंच.

दुसरं उत्तर

ताईंचं पटलं, तरी ‘शिलेदार’ आणि ‘बारगीर’ हे शब्द इतक्या सहज सोडू नयेत असं वाटतं. मराठ्यांच्या फौजेत ज्याचा घोडा आणि हत्यारं स्वतःची, तो शिलेदार. ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळे, तो बारगीर. या फेरीत प्रत्येकाने आपले साथीदार आपणच जमवायचे असतात आणि पंधरा मिनिटांत संघ बांधायचा असतो. म्हणजे इथला प्रत्येक स्वार शिलेदारच झाला. मुलांना इतिहासाच्या पुस्तकातला शब्द इथे भेटला तर लक्षात राहील.

उत्तर

काका, शब्द सुंदर आहेत आणि फरकही तुम्ही नेमका सांगितलात. पण ‘शिलेदार’ म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पगडी आणि भाला येतो. गोष्ट जपानमधल्या शाळेतली आहे, ती तिथेच राहू दे. ‘स्वार’ कुठल्याही देशात चालतो. आपण फटफटीवरही स्वार होतो. शिवाय ‘शिलेदार’ आता कुठल्याही कामातल्या खंद्या साथीदाराला म्हणतात. मग वाचणारा खालच्या तिघांनाच शिलेदार समजायचा, आणि अर्थ उलटा होईल.

प्रश्न

‘स्वारांची लढत’ घेतलं, धन्यवाद ताई. मग नुसतं ‘स्वारी’ का नको? चित्राच्या फुग्यात जागा फार कमी असते.

उत्तर

‘स्वारी’ म्हणजे मोहीम. एकाने दुसऱ्याच्या मुलखावर केलेली चाल. शिवाय ‘स्वारी आली का घरी?’ हा अर्थ आहेच. फुग्यासाठी ‘स्वारझुंज’ करून बघ. झुंज हा शब्द अंगाला अंग भिडण्याचा आहे आणि या फेरीत तेच होतं. एरवी किबासेनमध्ये दोन बाजू असतात. यूएमध्ये तसं नाही. दोन ते चार जणांचा संघ करायचा आणि प्रत्येक संघ बाकी सगळ्यांच्या विरुद्ध. त्यामुळे ‘शत्रुपक्ष’, ‘आपली बाजू’ असले शब्द या प्रकरणातून काढून टाक. मला ‘धुमश्चक्री’ फार योग्य वाटतो, पण तो वर्णनात वापर, नावात नको.

आणखी एक फरक गोष्टीत स्पष्ट लिही, नाहीतर मुलं गोंधळतील. शाळेतल्या नेहमीच्या खेळात स्वार खाली पडला किंवा पट्टी गेली की तो बाद. यूएमध्ये पट्टी गेली तरी, घोडा मोडला तरी बाद नाही. वेळ संपेपर्यंत पुन्हा उठायचं आणि पुन्हा ओढायचं. म्हणून ‘बाद’ हा शब्द या फेरीत येताच कामा नये.

आता ‘पॉइंट’. इथे मराठीची बाजू इंग्रजीपेक्षा वरचढ आहे. शर्यतीतून बेचाळीस जण पुढे आले. शेवटच्याला ५ गुण, त्याच्या वरच्याला १०, असे पाच-पाच वाढत दुसऱ्या क्रमांकाला २०५. आणि पहिल्याला, म्हणजे मिदोरियाला, जपानीत ‘इस्सेनमान’. दहा हजाराला ते ‘मान’ म्हणतात, तसे हजार मान. इंग्रजीला ‘टेन मिलियन’ असं दोन शब्दांत सांगावं लागतं. आपल्याकडे सरळ एक कोटी! ‘एक कोटीची पट्टी’. हा आकडा कानावर पडताच मैदानातली सगळी डोकी मिदोरियाकडे वळतात, ते चित्र आठव. बाकीच्या एकेचाळीस जणांच्या गुणांची बेरीज करून पाहिलीस का? ४३०५. सगळ्यांनी मिळून पाच हजारसुद्धा नाहीत, आणि एका पोराच्या कपाळावर कोटी. त्याला वरून खाली खेचू पाहणाऱ्या इतरांचं सोड, मिदोरियाबरोबर संघात यायलाच कुणी धजेना, ते यामुळेच. इइदाने तर तोंडावर नकार दिला. मैत्री असली तरी मला तुझ्याशी लढायचंय, म्हणाला. तो प्रसंग घाईत उरकू नकोस, फेरीतला सगळ्यात माणूसपणाचा प्रसंग आहे तो.

प्रश्न

गुण म्हटलं की आमची दुसरी अडचण येते. गोष्टीतल्या ‘क्वर्क’ला, म्हणजे एकेकाच्या खास शक्तीला, आम्ही ‘गुण’च म्हणत आलोय. “तुझा गुण कोणता?” असं. आता एकाच पानावर दोन्ही गुण आलेत.

उत्तर

तिथे बदल करावाच लागेल. मूळ शब्द ‘कोसेई’, म्हणजे माणसाचं वेगळेपण, त्याचा असा खास पिंड. रोजच्या जपानीतला शब्द आहे. ‘हिच्या चित्रात कोसेई आहे’ असंही म्हणतात. इंग्रजीतल्या ‘क्वर्क’ला विचित्रपणाचा जो वास येतो, तो मुळात नाही. ‘गुण’ अर्थाने जवळचा होता, पण शाळेच्या गोष्टीत गुण म्हणजे मार्कच. ‘तोदोरोकीचे गुण अर्धे बर्फाचे’ हे कुणाला कळेल? ‘शक्ती’ चालेल, पण ती कुठल्याही महानायकाला असते, आणि या गोष्टीचा सगळा जीव ती प्रत्येकाची निराळी असण्यात आहे. मी ‘विशेष’ सुचवते. नाम म्हणून. “माझा विशेष काय विचारतोस?” पहिल्या दोन पानांत जरा अडखळायला होईल, पुढे कान रुळतो. शिवाय ज्याच्याकडे जन्मतः काहीच नाही तो ‘निर्विशेष’, हा शब्द आयताच मिळतो. मिदोरियाच्या लहानपणासाठी तो लागणारच आहे.

दुसरं उत्तर

‘टीम’ला काय केलंत? मी ‘तुकडी’ लिहिलं असतं.

उत्तर

तुकडी नको काका. आपल्या शाळांत तुकडी म्हणजे अ, ब, क. या गोष्टीत एक-ए आणि एक-बी असे दोन वर्ग आहेत आणि या फेरीत त्यांची चुरस फार आहे. एक-बीमधला मोनोमा बाकुगोची पट्टी मागून येऊन पळवतो, ती तुकड्यांमधलीच खुन्नस. ‘तुकडी’ तिथे लागेल. चार जणांना ‘संघ’ पुरे, कबड्डीत म्हणतो तसा. कुणी ‘चमू’ सुचवेल, पण जुन्या हिशेबात चमूत ७२९ हत्ती, तेवढेच रथ, २१८७ घोडे आणि ३६४५ पायदळ. चार पोरांना तो अंगापेक्षा मोठा होतो.

‘हेडबँड’साठी ‘पट्टी’ ठेव. जपानी ‘हाचिमाकी’ ही कपाळाला बांधायची कापडी पट्टी असते, म्हणून पहिल्यांदा ‘कपाळपट्टी’ लिही, नंतर नुसती ‘पट्टी’. कारण नियम असा की जिंकून आणलेल्या पट्ट्या मानेपासून वर कुठेही बांधायच्या. तोदोरोकी त्या गळ्यात अडकवतो. गळ्यातल्या पट्टीला दर वेळी कपाळपट्टी म्हणता येणार नाही. मिदोरिया त्याच्यावर झेपावतो तेव्हा आपली हिसकावलेली एक कोटीची समजून ओढलेली पट्टी ७० गुणांची निघते. तोदोरोकीच्या संघाने पट्ट्यांचा क्रम बदलून ठेवलेला असतो. कुठली पट्टी गळ्यात कितवी आहे हे तिथे स्वच्छ कळलं पाहिजे.

प्रश्न

आणखी दोन जागा. बाकुगो घोडा सोडून हवेत उडतो, तेव्हा तो स्वार राहतो का? आणि शोजी एकटाच मिनेता आणि त्सुयुला घेऊन धावतो, तिथे काय लिहू?

उत्तर

पहिल्या जागी पंचांनीच निकाल दिलाय. मिडनाइट म्हणते, पाय जमिनीला लागला नाही, चालेल. आणि त्याच्या संघातला सेरो आपल्या चिकटपट्टीने त्याला ओढून परत घोड्यावर आणतो. तेव्हा ‘स्वार उडाला’ असंच लिही, गंमत त्या दोन शब्दांच्या विसंगतीत आहे. शोजीचं निराळं. सहा हात असलेला तो एकटाच अख्खा घोडा आहे, आणि हातांच्या पडद्याचं छप्पर करून त्याने दोघांना आत लपवलंय. मिनेता फटीतून चिकट गोळे फेकतो. मी तिथे ‘अंबारी’ लिहीन. अंबारी हत्तीवरची, हे खरं. पण आत बसून बाहेर मारा करायचा, हे दृश्य त्या एका शब्दात येतं, आणि शोजीचं धिप्पाड अंग पाहता हत्तीही खपून जाईल.

दुसरं उत्तर

अंबारी एकदम पसंत. शिन्सोच्या संघाचं काय करताय? इंग्रजीत त्याच्या विशेषाला ‘ब्रेनवॉशिंग’ म्हटलंय.

उत्तर

जपानीतही ‘सेन्नो’, म्हणजे तेच, मेंदू धुणं. पण मराठीत ‘ब्रेनवॉश केलं’ म्हटलं की महिनोन्महिने कान भरून एखाद्याची मतं फिरवणं डोळ्यांसमोर येतं. शिन्सो मतं फिरवत नाही. तो काहीतरी विचारतो, समोरच्याने उत्तर दिलं की तो माणूस शिन्सोच्या ताब्यात. जोराचा धक्का बसला की सुटतो. ‘संमोहन’ लिहिलं तर डोळ्यांत डोळे घालून बघणं आलं, तेही इथे नाही. ‘वश करणं’ हे नेमकं आहे. ‘ओजिरोला त्याने बोलण्यात वश केलं.’

आणि त्या संघाला ‘घोडा’ म्हणताना शेजारी ‘वेठीला धरलेला’ हे शब्द जरूर ठेव. त्या घोड्यातले एक-एमधला ओजिरो आणि एक-बीमधला शोदा, दोघांनाही लढत जवळजवळ आठवतच नाही. संघ तिसरा आला, पुढच्या फेरीत जागा मिळाली, तरी दोघांनी ती सोडली. आपण काय केलं हेच ठाऊक नसताना पुढे कसं जायचं, असं ओजिरो सगळ्यांसमोर बोलतो. ‘वेठ’ हा शब्द आधी आला असेल, तर त्याचं ते बोलणं मुलांना वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. त्यांनी सोडलेल्या जागा एक-बीमधल्या तेत्सुतेत्सु आणि शिओझाकी यांना मिळतात. तिथे ‘बदली खेळाडू’ लिहू नकोस, ते कुणाच्या वतीने खेळत नाहीत. ‘त्यांच्या जागी’ एवढं पुरे.