अ‍ॅमेझॉनचा एसडीई-२ लूप: तयारी नेमकी कशाची करू?

पुणेरी_पॉइंटर:
नमस्कार मंडळी. हिंजवडीत एका सर्व्हिस कंपनीत आहे. चार वर्षं जावा, बँकेचा प्रोजेक्ट. अ‍ॅमेझॉन हैदराबादची ऑनलाइन टेस्ट निघाली, पुढच्या आठवड्यात एसडीई-२ (मधल्या पातळीचा सॉफ्टवेअर इंजिनिअर) पदाचा लूप, म्हणजे सलग मुलाखती आहेत. लीटकोडवर (कोडिंगच्या सरावाची साइट) ग्राफ आणि डीपीचे (डायनॅमिक प्रोग्रामिंग) प्रश्न घासतोय. रिक्रूटरने लीडरशिप प्रिन्सिपल्सची (कंपनीची कामाची तत्त्वं) लिंक पाठवलीये, ती अजून उघडली नाही. ते एचआरछापच असतं ना?

ऑनकॉल_ताई:
अरे बाबा, ती लिंक आधी उघड! मी याच लूपमधून आत गेले, पुढे मुलाखती घेतल्याही. ती तत्त्वं 16 आहेत (2021 पर्यंत 14 होती) आणि प्रत्येक मुलाखतकाराला त्यातली दोन-तीन वाटून दिलेली असतात. त्यामुळे कोडिंगच्या राउंडलासुद्धा बराच वेळ 'मॅनेजरशी पटलं नाही तेव्हा काय केलंस' यातच जातो.

मी ऐटीत सांगितलं, रात्रीचा बॅच जॉब फास्ट केला. झालं, खोदकाम सुरू. आधी किती वेळ लागायचा? कुठे अडकतंय हे कसं शोधलंस? डेटाबेसला इंडेक्स टाकल्यावर इन्सर्ट मंदावले नाहीत का? कोणी विरोध केला? 'टीमने केलं' म्हटलं की लगेच, त्यात तुझं काय?

कोडिंगला एलआरयू कॅशे (जागा भरली की सगळ्यात आधी वापरलेली नोंद काढून टाकणारा साठा) आला. जावाच्या तयार लिंक्डहॅशमॅपने चार ओळींत उरकला, तर मुलाखत घेणाऱ्या बाई म्हणाल्या, छान, आता तो न वापरता लिही. हॅशमॅप आणि डबली लिंक्ड लिस्ट लिहिली. मग म्हणे, दोन थ्रेड एकदम 'गेट' करायला आले तर? मी रीड-लॉक (नुसतं वाचणाऱ्यांना एकदम आत सोडणारं कुलूप) म्हणणार होते, पण 'गेट' केलं तरी नोड लिस्टमध्ये पुढे सरकतोच की! म्हणजे नुसतं वाचणं नाहीच ते, तिथे रीड-लॉक काय कामाचा? हे सगळं मोठ्यानं बोलत गेले, बाई टाइप करत होत्या. गप्प बसून सोडवलं असतंस तर त्यांनी काय टाइप करायचं?

एसडीई-२ ला सिस्टीम डिझाइनही (मोठ्या सिस्टीमची रचना कशी करशील ते) असतं, ते वाच. आणि लूपमध्ये एक जण बार रेझर (निवडीचा दर्जा राखणारा मुलाखतकार) असतो. तो त्या टीमचा नसतो आणि त्याचा नकार म्हणजे नकार. कोण ते ओळखत बसू नकोस.

वऱ्हाडी_बग:
भाऊ, माझा अनुभव दुसऱ्या एका मोठ्या कंपनीचा. सगळे राउंड झाले, रिक्रूटर 'फीडबॅक पॉझिटिव्ह' म्हणाली अन् गायब. फोन नाही, मेल नाही. शेवटी पोर्टलवर जाऊन पाहिलं तं 'नॉट सिलेक्टेड'. ऑफर लेटर हाती येईस्तोवर राजीनामा टाकू नको. 90 दिवसांचा नोटीस पिरियड सुरू झाला की मॅनेजर वाकडं पाहते.

पुणेरी_पॉइंटर:
ताई, बापरे. पण आमचा क्लायंट बँक आहे, एनडीए (गोपनीयतेचा करार) आहे. आकडे कसे सांगू?

ऑनकॉल_ताई:
बँकेचं नाव आणि रकमा गाळ. जॉब तीन तासांचा चाळीस मिनिटांवर आला, एवढं सांगायला काय हरकत आहे? नक्की आठवत नसेल तर 'अंदाजे' म्हण, पण ठोकून देऊ नकोस. तिसऱ्या प्रश्नाला उघडं पडतं. आज रात्री पाच-सहा किस्से कागदावर उतरव, त्यात एक फसलेला हवाच. ग्राफ पुरे झाले आता.