मुलींनी पायदळात जायचं की नाही, आणि ते ठरवणार कोण?

वाळपईची पोर
आमच्या वाड्याच्या ग्रुपवर काल एक पोस्ट फिरत होती. सार असं की मुलींनी होडी चालवावी, विमान उडवावं, टीव्हीवर येऊन लष्करी ऑपरेशनची माहिती द्यावी, पण बंदूक घेऊन खंदकात उतरणं हे पुरुषाचं काम, ते निसर्गानेच ठरवलंय. खाली अंगठ्यांची रांग. तिथे सगळे काका-मामा, काही लिहिलं की आईला फोन जातो, म्हणून इथे लिहिते.

निसर्गाने ठरवलंय म्हणे! हा निसर्ग फार वेळा विचार बदलतो बुवा. १९९२ पर्यंत मुलींनी लष्करात डॉक्टर नाहीतर नर्स व्हावं एवढंच त्याला मान्य होतं. १९९२ ला म्हणाला बरं, बाकी काही शाखांत या, पण थोड्या वर्षांसाठी. २००८ ला म्हणाला वकिली आणि शिक्षण शाखेत कायम राहा. १७ फेब्रुवारी २०२० ला सुप्रीम कोर्टाने कान पिळला तेव्हा आणखी शाखांत कायम झाल्या आणि कमांडही मिळायला लागली, २०२१ ला एनडीएच्या परीक्षेचं दार उघडलं, २०२३ ला पाच मुली तोफखान्यात गेल्या, मे २०२५ ला १७ मुली खडकवासल्याच्या एनडीएतून पास होऊन बाहेर पडल्या. दर वेळी आधी कुणीतरी हेच म्हणत होतं की आता याच्या पुढे नाही. राहिलं काय, पायदळ, रणगाडे, मेकॅनाइज्ड इन्फंट्री. म्हणजे निसर्ग आता तेवढ्यापुरताच अडून बसलाय.

माझं म्हणणं साधं आहे. बीपीईटी, म्हणजे लष्कराची शारीरिक चाचणी, घ्या, लढाईचं सगळं सामान अंगावर घेऊन ५ किलोमीटर पळा, दोर चढा, ९ फुटी खड्डा उडी मारून पार करा. जो करील तो आत, जी करील ती आत. सवलत कोणी मागितलीय?

सुभेदार डिचोली
बाय, लिहिलंस छान, पण बीपीईटी म्हणजे लढाई नव्हे. मी मराठा लाइट इन्फंट्रीत होतो, बीपीईटी आम्ही चहा पिऊन करायचो. खरी परीक्षा गस्तीवर. अंगावर ओझं, पायात तेच मोजे, पाऊस, आणि मध्येच एखाद्याला गोळी लागली की त्याला उचलून वर आणायचं. आमच्यातला एक जाडजूड पोरगा जखमी झाला तेव्हा दोघांनी आळीपाळीने त्याला नाल्यातून खेचून काढला, त्या रात्रीनंतर माझा उजवा खांदा आजपर्यंत सरळ नाही. त्याचं वजन कमी करायला कोर्ट येणार होतं का? मुलींबद्दल मला आदर आहे, घरात दोन आहेत.

पणजीचा पेपरवाला
सुभेदारांना आकड्यांची साथ देतो. अमेरिकन मरीन कोअरने २०१५ मध्ये हेच तपासलं, फक्त पुरुषांची पथकं आणि मिश्र पथकं, तेच काम दोघांना. ६९ टक्के कामांत पुरुषांची पथकं सरस निघाली, मुलींना दुखापतीही जास्त. तरी डिसेंबर २०१५ ला अमेरिकन सरकारने मुलींना सगळ्या जागा खुल्या केल्या, कारण राजकारण.

वाळपईची पोर
पेपरवाले, तो अभ्यास सरासरीचा आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दोन बायका अमेरिकन लष्कराच्याच रेंजर स्कूलमधून पास झाल्या, जिथे पुरुष ढिगाने नापास होतात. सरासरी गोवेकर पुरुष तरी कुठे पायदळात टिकतो? सरासरीने भरती करायची तर आपल्या अर्ध्या गावाला ढेरी कमी करायला सांगावं लागेल, सुरुवात ग्रुपमधल्या काकांपासून.

आणि सुभेदारकाका, एक सांगा. बीपीईटीची वेळ वयाप्रमाणे बदलते ना? पंचविशीच्या जवानाला एक वेळ, चाळिशीच्याला जास्त. मग चाळिशीचा जवान समोर आला की शत्रू हळू पळतो का?

सुभेदार डिचोली
चाळिशीच्याला वीस वर्षांचा अनुभव असतो. ते वेगळं.

वाळपईची पोर
म्हणजे सवलत असते, फक्त ती कोणाला द्यायची ते तुम्ही ठरवणार.

बाणावलीचा तारवटी
तुम्ही सगळे भांडा, पण एक खरं कोण बोलणार? मुली जाऊ देत की न जाऊ देत, गोव्याचे मुलगे तरी कुठे जातात? माझ्या वाड्यात एक पोर सैन्यात नाही. बोटीवर जातात, गल्फला जातात, लंडनला जाऊन गोदामात पेट्या उचलतात. भरती मेळावा लागला की बाहेरचीच गर्दी. आणि मग संध्याकाळी बारमध्ये बसून देशभक्ती.

साखळीचे मास्तर
आणि पासपोर्ट सांगायला विसरलात वाटतं. १९ डिसेंबर १९६१ च्या, म्हणजे गोवा मुक्तीच्या, आधी आजोबांचा जन्म गोव्यात झाला एवढ्या कागदावर पोर्तुगीज व्हायचं, इथलं नागरिकत्व सोडायचं, आणि इथे येऊन भाटाची, म्हणजे बागायतीची, वाटणी मागायची. ज्या राज्याच्या मुक्तीसाठी लोक पत्रादेवीच्या सीमेवर १५ ऑगस्ट १९५५ ला गोळ्या खाऊन मेले, त्या राज्याचे तरुण लिस्बनच्या कागदांसाठी रांगेत. आधी यावर चर्चा करा, मग मुलींचं बघू.

बाणावलीचा तारवटी
मास्तर, तुम्हाला सरकारी पगार होता, पेन्शन आहे. पासपोर्ट काढणारा हौसेने काढत नाही. माझ्या भावाने काढला, खाणी बंद झाल्यावर २०१२ ला त्याचा ट्रक दारात उभा राहिला, बँकेचा हप्ता मात्र उभा राहिला नाही. २०१८ ला परत बंद. देशभक्ती दाखवायला त्याने काय करावं, ट्रकला तिरंगा बांधून उपाशी बसावं? लंडनला आहे, आईच्या औषधाचे पैसे येतात. तुम्ही देता का?

साखळीचे मास्तर
पेन्शनवर घसरू नका. मी तुमच्या भावाबद्दल बोललोच नाही.

बाणावलीचा तारवटी
सगळ्यांबद्दल बोललात त्यात तो आलाच.

पेडण्याचा पोरगा
मी अग्निवीरची तयारी केली होती, शेवटी गेलो नाही. ४ वर्षं, मग त्यातले २५ टक्के ठेवणार, बाकीच्यांना पैसे देऊन घरी. पंचवीस वर्षांचा होऊन परत यायचं आणि मग मोपाच्या विमानतळावर सिक्युरिटीच्या नोकरीसाठी ओळख शोधायची. आधी पंधरा वर्षं नोकरी, नंतर पेन्शन, म्हणून लोक जीव द्यायला तयार होते. मास्तर, पोरांना नावं ठेवायच्या आधी हा हिशोब बघा.

सुभेदार डिचोली
पेन्शनचं नाव काढलंत म्हणून. ओआरओपीसाठी, म्हणजे वन रँक वन पेन्शनसाठी, आमची माणसं दिल्लीला जंतरमंतरवर बसली होती, म्हातारी, मेडल लावून. २०१५ ला पर्रीकर संरक्षणमंत्री होते म्हणून निदान काहीतरी झालं, आणि त्यातही किती त्रुटी राहिल्या ते मला विचारा. मी तीन अर्ज केले

वाळपईची पोर
काका, धागा कशावर आहे?

सुभेदार डिचोली
हो हो. मुद्दा तोच, पैसा आणि मान दोन्ही नाही तिथे मुलींना ढकलायची घाई कशाला.

वास्कोची वहिनी
मला एक कळत नाही, तुम्ही सगळे ऑफिसर मुलींबद्दलच बोलता. नवरा नौदलात आहे, दाबोळीला क्वार्टर्समध्ये राहून मी हे जवळून बघते. नौदलाच्या तारिणी होडीवरच्या सहा जणी मांडवीवरून सप्टेंबर २०१७ ला निघाल्या आणि मे २०१८ ला जगाला फेरी मारून परत आल्या तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या, होडी आपल्या दिवाडीलाच बांधलेली, अभिमान वाटतोच. पण त्या सगळ्या अधिकारी. साध्या घरातली दहावी-बारावी झालेली मुलगी जवान व्हायची म्हटली तर लष्करात तिला दार एकच, मिलिटरी पोलीस. तेही २०२१ ला बंगळूरला पहिली तुकडी बाहेर पडली, ८३ जणींची. नौदलाने तरी अग्निवीर मुली घेतल्या. पायदळात लढतो तो जवान, तिथे मुलगी दिसणार कधी? आमच्या कामवालीची मुलगी धावण्यात शाळेत सगळ्यांच्या पुढे, तिला मी काय सांगू, आधी ग्रॅज्युएट हो मग अधिकारी व्हायची सीडीएस परीक्षा दे?

आणि दुसरं, नवरा-बायको दोघं फील्डवर असतील तर पोरं कोण सांभाळणार, हा प्रश्न नेहमी बाईलाच का विचारतात तेही सांगा. विचारायला हरकत नाही, दोघांना विचारा.

पणजीचा पेपरवाला
वहिनी मुद्दा चांगला, पण पकडली गेली तर? पाकिस्तानच्या हातात मुलगी जवान पडली तर देशाची मानसिकता काय होईल? सरकारला पाय मागे घ्यावा लागेल.

वाळपईची पोर
१९९९ ला कॅप्टन सौरभ कालिया आणि त्यांच्या जवानांचे देह परत आले तेव्हा काय दिसलं ते आठवा. पुरुष होते सगळे. पकडलेल्याचे हाल करणाऱ्याला बाई लागत नाही. त्याच कारगिलमध्ये गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन चीता हेलिकॉप्टर घेऊन फायरखालून जखमींना आणत होत्या, पकडलं जाण्याची भीती त्यांना नव्हती का? आणि जानेवारी २०२३ ला कॅप्टन शिवा चौहान सियाचीनच्या कुमार पोस्टला पोहोचली, १५ हजार फुटांच्या वर. तिथे थंडी बायकांना कमी लागत नाही.

साखळीचे मास्तर
इतिहास बघा. लिबिया लोबो सरदेसाईंनी १९५५ पासून मुक्तीपर्यंत रानात राहून भूमिगत रेडिओ चालवला, शंभरी पार केलेल्या या बाईला २०२५ ला पद्मश्री मिळाली. सुधाताई जोशींनी म्हापशाला एप्रिल १९५५ मध्ये नॅशनल काँग्रेस गोवाच्या अधिवेशनाचं अध्यक्षपद घेतलं, पोलिसांनी तिथेच पकडलं. कमी हिंमत होती का?

सुभेदार डिचोली
मास्तर, हिंमतीवर कोण बोललं? सत्याग्रह आणि सेक्शन अटॅक, म्हणजे छोट्या तुकडीचा हल्ला, यात फरक आहे. हिंमत आमच्या आईकडे माझ्यापेक्षा जास्त होती, म्हणून काही तिला एमएमजी, म्हणजे जड मशीनगन, उचलायला दिली नाही कोणी.

पणजीचा पेपरवाला
सुभेदार बरोबर. आणि कोर्टात सरकारनेच म्हटलं होतं की जवान ग्रामीण भागातले असतात, बाईचा हुकूम मानायची त्यांची मानसिक तयारी नाही. सरकारला माहीत नसणार तर कुणाला?

सुभेदार डिचोली
थांब. कोण म्हटलं हे? सरकारने? आम्ही गावचे म्हणून हुकूम मानणार नाही? अरे मी वीस वर्षं हुकूम मानले, त्यातले निम्मे माझ्या मुलाच्या वयाच्या लेफ्टनंटचे, ज्याला नकाशा उलटा धरलाय हे मला हळूच सांगावं लागायचं. आम्ही खांद्यावरचे तारे बघतो, चेहरा नाही. शेवटच्या पोस्टिंगला आमच्या सिग्नलच्या मॅडम होत्या, तिने लाइन तुटल्यावर रात्रभर उभं राहून जोडून घेतली आणि एकाही पोराने तोंड उघडलं नाही. गावच्या जवानाच्या नावावर दिल्लीवाल्यांनी स्वतःचं मत खपवलं, लाज वाटायला हवी.

वाळपईची पोर
काका, म्हणजे तुम्ही आमच्या बाजूने?

सुभेदार डिचोली
नाही. कमांड वेगळी, हातघाई वेगळी. सिग्नलची मॅडम लाइन जोडत होती, माझ्याबरोबर नाल्यात नव्हती. तिथे वजन उचलावंच लागतं.

वाळपईची पोर
मग वजनाचीच परीक्षा ठेवा ना, तुमच्या त्या जाडजूड पोराएवढं. नाल्यातून वर, घड्याळ लावून. मुलगे पण देतील.

सुभेदार डिचोली
ठीक आहे, ऐक. कसोटी एकच, कामाप्रमाणे, मुलगा-मुलगी सारखी. पंचवीस किलोमीटरचा मार्च, जखमी उचलायचं, त्याच दिवशी फायरिंग. पास झालीस तर मी स्वतः येऊन सॅल्यूट करीन. नापास झालीस तर पत्रकार बोलवायचे नाहीत, कसोटी खाली आणायला सांगायचं नाही, आणि कोर्टात जायचं नाही.

वाळपईची पोर
पहिल्या दोन अटी मान्य. कोर्टाची नाही. कोर्टात गेल्या नसत्या तर तुमच्या सिग्नलच्या मॅडमसारख्यांना आजही कायम कमिशन मिळालं नसतं.

सुभेदार डिचोली
वकील हो तू, पायदळात उगाच वेळ घालवतेस.

बाणावलीचा तारवटी
मास्तर, पासपोर्टचं उत्तर अजून दिलं नाहीत हं.

साखळीचे मास्तर
वेगळा धागा काढा, तिथे देतो. पुरावे घेऊन या.