कापूस आपला, कोळसा आपला, मंग कारखाने इंग्लंडले काहून?

वणीचा पोट्टा
सोमवारी बीएचा इतिहासाचा पेपर हाये. गाईडमधी औद्योगिक क्रांतीची कारणं देल्ली हायेत, कोळसा लोखंड भांडवल वसाहती, पाठ केले पण डोक्यात काही शिरून नाही राहिलं. आमच्या वणीत जमिनीखाली कोळसा आन वर पऱ्हाटी, तरी पयले कारखाने मँचेस्टरकडंच काहून? आन परिणाम काय लिहू? "समाजजीवन ढवळून निघाले" लिवलं का सर दोनच मार्क देते.

रिटायर्ड मास्तर
बाबू, कोळसा नुसता असून भागत नाही, त्याची नड पडा लागते. तिकडं लाकूड महागलं म्हणून खाणी खोल गेल्या, खाणीत पाणी भरे, ते उपसाले न्यूकोमेननं 1712 मधी वाफेचं इंजिन बसवलं. वॅटनं 1769 ले पेटंट घेतलं ते त्याच्याच सुधारणेचं. मजुरीबी महाग, त्याच्यानं मशीन परवडे.

कापडाचं तं साखळीनं लिही. 1733 ले धावता धोटा (मागावर आडवा धागा झपकन इकडून तिकडं नेणारा) आला, विणकर झपाझप विणाले लागला तं सूत पुरेना. मंग हारग्रीव्ह्जची जेनी, म्हंजे एकाच वेळी बरेच धागे कातणारं यंत्र, आर्कराइटचं पाण्यावर चालणारं सूतयंत्र (पेटंट 1769). आता सूत उदंड झालं तं विणकर पुरेना, म्हणून 1785 ले कार्टराइटचा यंत्रमाग. आन गायरानाचं विसरू नको, संसदेनं कायदे करकरून गावची मोकळी जमीन कुंपणात घातली, ज्याची एक गाय तिथं चरे तो गडी गेला मजुरीले.

जिनिंगवाला
परिणाम मले विचार. आठ सीझन जिनिंगमधी (कापसातून सरकी काढाच्या कारखान्यात) काढले, रात्रपाळी करून घरी आलो का भुवया पांढऱ्या, पोरगी म्हणे बाबा म्हातारे झाले, आन खोकला अजून गेला नाही. तिकडच्या सूतगिरणीत तं चालू मशीनखाली सरपटत जाऊन पडलेली रुई वेचाले लहान पोट्टे ठेवत, अंग बारीक आन मजुरी कमी म्हणून. 1833 च्या कायद्यानं कापडगिरणीत 9 वर्षांखालचं पोरगं ठेवाले बंदी केली, 9 ते 13 वाल्याले आठवड्याचे 48 तास. म्हंजे त्याच्या आंधी काय असन ते समजून घे.

पऱ्हाटीवाला
मास्तर, आपल्या कापसाचं राह्यलंच की. 1861 ले अमेरिकेत यादवी लागली, तिकडचा कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या, तवा साहेबाले वऱ्हाड आठवलं. 1870 ले खामगावपर्यंत रेल्वे आणली ते काय आपल्याले यात्रेले न्याले? गाठी तिकडं, कापड इकडं, आन आपला कोष्टी बसला मागापाशी हात चोळत.

वणीचा पोट्टा
लय भारी, हेच लिवतो. पण मास्तर 1769 दोनदा लिवलं तुमी, वॅटले बी आन आर्कराइटले बी. टायपिंग चुकलं का?

रिटायर्ड मास्तर
नाही चुकलं बाप्पा, दोघाईचंबी पेटंट त्याच वर्षीचं. पाठ कराले एक सन कमी झाला तुले.