टॅली येतं, एक्सेल थोडंफार येतं, आता ४८व्या वर्षी नक्की काय शिकू?

तेरीज_सांगली

नमस्कार मंडळी. मी तासगावजवळ ठिबक आणि पाईपच्या एका होलसेल पेढीत अकाउंट्स बघतो, वय ४८. १९९९ ला बीकॉम होऊन लागलो तेव्हा किर्द-खतावणी सगळी हातानेच होती, लाल कापडी बांधणीच्या वह्या, संध्याकाळी रोजमेळ जुळल्याशिवाय घरी जायचं नाही, शिल्लक दोन रुपयांनी जरी फरकली तरी दिवाणजी पुन्हा बेरीज लावायला बसवायचे. २००५ ला व्हॅट आला त्याच सुमाराला आमच्याकडे टॅली आलं, वह्या मग लक्ष्मीपूजनापुरत्याच राहिल्या. २०१७ ला जीएसटी आला, तोही शिकलो, सुरुवातीला दिवसा पोर्टल उघडायचं नाही म्हणून पहाटे तीनला उठून रिटर्न भरलेत.

आता मालकांचा मुलगा पुण्याहून शिकून आलाय. चांगला मुलगा आहे, मला काका म्हणतो. त्याने नवीन सॉफ्टवेअर घेतलंय, त्यात बँकेचं स्टेटमेंट आपोआप येतं, खरेदीच्या बिलाचा फोटो काढला की एंट्री तयार होऊन समोर येते, आपण फक्त ओके करायचं. परवा म्हणाला, काका आता तुम्हाला एंट्र्या मारत बसायला नको. तो चांगल्या मनाने बोलला पण मला रात्रभर झोप नाही, कारण माझा निम्म्याहून जास्त दिवस एंट्रीतच जातो.

कोणी म्हणतं ॲडव्हान्स एक्सेल करा, कोणी पॉवर बीआय (आकड्यांचे तक्ते-आलेख बनवायचं सॉफ्टवेअर), एकाने तर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषाच सांगितली. क्लासवाले १८ हजार मागतायत. मुलगी बारावीला आहे, तेव्हा पैसा आणि वेळ दोन्ही मोजूनच घालायचेत. जे या कामात आहेत त्यांनी प्लीज खरं खरं सांगा.

---

भोसरी_अकाउंट्स

दादा, आधी पायथन डोक्यातून काढून टाका.

मी इथे एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत १४ वर्षं आहे. आमच्याकडे विक्रीची एंट्री माणूस मारतच नाही म्हणा ना, बिल केलं की ई-इन्व्हॉइसचा नंबर आणि क्यूआर पोर्टलवरून येतो आणि तेच बिल आपोआप आर-वनमध्ये, म्हणजे विक्रीच्या जीएसटी रिटर्नमध्ये, जाऊन बसतं. तुमच्या पेढीची उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर तुमच्याकडेही १ ऑगस्ट २०२३ पासून हेच चालू असणार. मग मी दिवसभर काय करते? जुळवणी. दर महिन्याच्या १४ तारखेला टू-बी (सप्लायरांनी दाखवलेल्या आपल्या खरेदीची पोर्टलवरची यादी) येतं, २० ला थ्री-बी (कर भरायचं महिन्याचं रिटर्न) भरायचं, मधले सहा दिवस माझे खरे कामाचे. खरेदी आपल्या पुस्तकात आहे पण सप्लायरने त्याच्या रिटर्नमध्ये दाखवलीच नाही तर १ जानेवारी २०२२ पासून क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) मिळतच नाही, विषय संपला. पूर्वी बिल हातात आहे ना, मग घ्या क्रेडिट, असं होतं.

आता हे जुळवताना काय होतं ते सांगते. सप्लायरचं बिल नंबर ००४५, तो पोर्टलवर नुसतं ४५ टाकतो, आपण छापल्याप्रमाणे ००४५ टाकलेलं, सॉफ्टवेअर म्हणतं दोन वेगळी बिलं. एका सप्लायरचे नंबर १२-५ असे असतात, ते एक्सेलमध्ये उघडलं की १२ मे होऊन जातं. हे मला कोणत्या क्लासने शिकवलं नाही, एकदा रात्री साडेनऊपर्यंत बसले तेव्हा लक्षात आलं की माझी फाईलच नंबर बदलतेय. तेव्हापासून मी आधी जीएसटी नंबर आणि करपात्र रक्कम यावर जुळवते, बिल नंबर शेवटी बघते आणि तो कॉलम फाईल उघडतानाच टेक्स्ट करून घेते.

आणि सगळ्यात जास्त लागतं ते फोनवर बोलणं. सप्लायरच्या अकाउंटंटला फोन करून, ताई तुम्ही आमचं बिल दुसऱ्याच नंबरवर टाकलंय, कृपया दुरुस्त करा, हे भांडण न होता सांगता यायला पाहिजे. गेल्या वर्षी असंच एक साडेतीन लाखांचं बिल चार महिने अडकलं होतं, सुटलं ते फोनवरच.

---

ऑडिट_नाशिक

मी सीए फर्ममध्ये आहे, मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

काकांच्या प्रश्नातली भीती खरी आहे, नुसती एंट्री मारणाऱ्याचं काम कमी होतंय हे आम्ही क्लायंटकडे बघतोच. पण चूक कुठे होते ती जागा बदललीये, आणि ते कोणी सांगत नाही. हातच्या वहीत चूक म्हणजे एका ओळीची चूक, बेरीज चुकली, आकडा उलटा पडला, तेरीज (ट्रायल बॅलन्स) जुळली नाही की शोधायचो. आता बेरीज कधीच चुकत नाही, तेरीज कायम जुळलेली असते आणि हिशोब मात्र चुकीचा असू शकतो, कारण चूक मास्टरमध्ये असते, म्हणजे माल, खाती, दर यांची जी मूळ यादी सॉफ्टवेअरमध्ये एकदाच भरतो तिच्यात. आयटमच्या मास्टरला दर चुकीचा लागला की ती एक चूक त्या महिन्याच्या प्रत्येक बिलात जाते.

तुमच्याच धंद्यातलं उदाहरण घ्या. २२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले, ठिबक संच आणि लॅटरल (ठिबकच्या शेतातल्या बारीक नळ्या) १२ वरून ५ टक्क्यांवर आले, पीव्हीसी पाईप १८ लाच राहिला. आमच्या एका क्लायंटने सगळा माल "पाईप" या एकाच ग्रुपमध्ये ठेवला होता, ऑपरेटरने ग्रुपलाच ५ लावला, संपला विषय, पीव्हीसीसुद्धा ५ टक्क्यांनी विकला गेला. दुसरी गंमत नव्हे, दुखणंच ते, ऑगस्टमध्ये १२ टक्क्यांनी विकलेला माल ऑक्टोबरमध्ये परत आला, सॉफ्टवेअरने क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाची रक्कम वजा करणारी चिठ्ठी) ५ टक्क्यांनी काढली. मूळ बिल १२ चं, तर क्रेडिट नोटही १२ नेच पाहिजे. सॉफ्टवेअरने कुठेच लाल खूण दाखवली नाही. पकडलं कोणी, तर तिथल्या ५५ वर्षांच्या गोडाऊन क्लार्कने, त्याला परत आलेल्या मालाचं जुनं बिल आठवत होतं.

आणि एक, कंपनी असेल तर १ एप्रिल २०२३ पासून एडिट लॉग असणारंच सॉफ्टवेअर लागतं, म्हणजे कोणी कधी कुठला व्हाउचर बदलला ते कायम राहतं, बंद करता येत नाही. भागीदारी पेढीला ते बंधन नाही, तरी चालू ठेवा. मार्चअखेर झाल्यावर मागच्या तारखेला जाऊन "जरा ॲडजस्ट" करायची सवय सगळ्यांनाच होती, ती आता सोडायलाच लागणार, आणि माझं मत विचाराल तर बरं झालं.

म्हणून शिकायचंच तर हे: सॉफ्टवेअरमधला डेटा बाहेर काढून एक्सेलमध्ये उलटसुलट बघता येणं. पिव्हट (सारांश तक्ता), लुकअप (एका यादीतलं दुसरीत शोधणं) आणि पॉवर क्वेरी (फाईली आत घेऊन साफ करणं, जोडणं). पॉवर क्वेरी एक्सेलमध्येच डेटा टॅबखाली असतं, वेगळे पैसे नाहीत. पॉवर बीआय मालकाला रंगीत चित्रं बघायची असतील तेव्हा बघू.

---

कोथरूड_बुककीपर

वरच्यांशी थोडा असहमत. मी २६ चा आहे, इथे बसून इंग्लंडच्या छोट्या दुकानदारांची पुस्तकं लिहितो, झीरो (Xero) आणि क्विकबुक्स या हिशोबाच्या सॉफ्टवेअरवर. तिकडे बँक फीड (स्टेटमेंट आपोआप येणं), बिलाचा फोटो हे रोजचंच झालंय. एंट्रीचं काम गेलं हे काकांना स्पष्ट सांगायला पाहिजे, धीर देण्याच्या नादात ते बाजूला पडतंय. मी सुरुवातीला दिवसाला एकाच क्लायंटचं काम करायचो, आता सहा बघतो, म्हणजे पाच माणसांचं काम कुठेतरी कमी झालंच ना.

पण हेही खरं की मला जे अडतं ते काकांना येतं. कर्जाच्या हप्त्यात मुद्दल किती व्याज किती, मशीन दुरुस्ती खर्चात टाकायची की मालमत्तेत, हे मला दोन वर्षं सीनियरला विचारावं लागलं. सॉफ्टवेअर पूर्ण हप्ता खर्चात टाकून मोकळं होतं. काका, नवीन सॉफ्टवेअर दुसऱ्या कोणाच्या हातात जाऊ देऊ नका. ॲडमिन लॉगिन तुमच्याकडे घ्या, मास्टर तुम्हीच बनवा. हे या महिन्यातच करा.

---

तेरीज_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार, दोनदा वाचलं.

काल त्या सॉफ्टवेअरवर बसलो, मुलाला शेजारी बसवून. त्याने एप्रिलपासूनचं बँक स्टेटमेंट ओढलं आणि सॉफ्टवेअरने स्वतःच खाती लावून दिली, खरंच दहा मिनिटांत. मग मी एकेक ओळ वाचायला घेतली. यूपीआयने गेलेले ४२ हजार, खातं लावलं "प्रशिक्षण खर्च". मी म्हटलं ही तर तुझ्या बहिणीच्या कॉलेजची फी, ही मालकांची उचल. पुढे १५ हजार "मजुरी", तो मिस्त्रीला दिलेला ॲडव्हान्स होता, काम अजून व्हायचंय. एका शेतकऱ्याने दोन हप्त्यांत दिलेले पैसे, दोन्ही त्याच्या नावाच्या दुसऱ्याच गावच्या माणसाला जमा. असे एकूण १९ निघाले. मुलगा गप्प झाला, मग म्हणाला काका हे तुम्हाला कसं कळलं, नुसता नंबर आणि अर्धवट नाव तर आहे. म्हटलं अरे, त्या दिवशी तो माणूस माझ्यासमोर खुर्चीवर बसला होता.

ॲडमिन लॉगिन मागितलं, त्याने लगेच दिलं. मास्टरचे ग्रुप फोडून लॅटरल, ड्रिपर, पीव्हीसी वेगळं करायला घेतलंय. ताई, आता फक्त एवढं सांगा, टू-बीची फाईल आणि आपलं खरेदी रजिस्टर पॉवर क्वेरीत जोडायचं तर सुरुवात कुठून करू? १८ हजार सध्या नाही घालत.

---

भोसरी_अकाउंट्स

नकाच घालू. दोन्ही फाईलमध्ये जीएसटी नंबरचा कॉलम १५ अक्षरांचाच आहे ना ते आधी तपासा, मागेपुढे स्पेस असेल तर ट्रिम मारा, नाहीतर काहीच जुळणार नाही. मग डेटा टॅबमधून दोन्ही आत घ्या आणि मर्ज करताना "फुल आउटर" निवडा, म्हणजे दोन्हीकडचं उरलेलं दिसतं. फक्त एका महिन्याचं करून बघा, अडलं तर इथेच लिहा, मी संध्याकाळी सातनंतर असते. फक्त १४ ते २० मध्ये उशिरा उत्तर देईन.