रॉयल पार्कमधील दगडी स्मारक आणि उंटवाले

प्रश्न (जळगाव) :
नमस्कार. मुलीकडे मेलबर्नला गेलो असताना रॉयल पार्कमध्ये वाटेच्या कडेला दगडांनी रचलेले एक स्मारक पाहिले. ऑस्ट्रेलिया दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडण्यासाठी रॉबर्ट बर्क आणि विल्यम विल्स यांची मोहीम २० ऑगस्ट १८६० रोजी येथून निघाली आणि कामगिरी यशस्वी करून परतताना दोघेही जून १८६१ मध्ये देशाच्या अंतर्भागातील कूपर्स क्रीक या नदीकाठी मृत्यू पावले, अशा आशयाचा लेख त्यावर आहे. मोहिमेचे उंट हिंदुस्थानातून नेले होते, असे तेथे कोणी तरी सांगितले. तसे असेल तर उंटांबरोबर माणसेही गेली असणारच. त्यांच्याविषयी कृपया जाणकारांनी लिहावे.

उत्तर (धुळे) :
काका, ते खरे आहे. जॉर्ज लँडेल्स यांनी खरेदी केलेले २४ उंट कराचीहून जहाजाने जून १८६० मध्ये मेलबर्नला पोहोचले. आपल्याकडे मेंढ्या घेऊन येणाऱ्या रबारी मंडळींना पाहिले की कळते, उंट कोणाच्याही हाती चालत नाही. म्हणून माणसेही गेली. त्यांतला सामला हिंदू होता, आणि मोहिमेच्या शिध्यातले खारवलेले गोमांस त्याला वर्ज्य असल्यामुळे तो थोड्याच दिवसांत परतला. दोस्त महंमदाचा हात उंटाच्या हल्ल्यात कायमचा जायबंदी झाला. त्याची कबर न्यू साउथ वेल्स राज्यातील मेनिंडी या गावी आहे.

उत्तर (भुसावळ) :
‘यशस्वी’ या शब्दाबद्दल थोडे लिहितो. फेब्रुवारी १८६१ मध्ये बर्क, विल्स आणि त्यांचे दोन साथीदार उत्तरेच्या आखातापर्यंत गेले, पण खारफुटी आणि दलदलीमुळे प्रत्यक्ष समुद्र त्यांना दिसला नाही. २१ एप्रिलला ते कूपर्स क्रीकच्या तळावर परतले, तेव्हा चार महिने वाट पाहणारी तुकडी त्याच दिवशी सकाळी निघून गेलेली होती. मोहिमेत एकूण सात जण दगावले. आखातापर्यंत गेलेल्या चौघांपैकी एकटा जॉन किंग वाचला, तोही तेथील मूळ रहिवासी असलेल्या यांद्रुवांधा लोकांनी त्याला आपल्यात ठेवून खाऊ घातले म्हणून. ज्या प्रदेशात हे गोरे उपासमारीने खंगले, तेथेच ते लोक पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते, हे त्या दगडावर यायला हवे होते, असे मला मनापासून वाटते.

प्रश्नकर्ता (जळगाव) :
आपणा दोघांचे आभार. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने कोरलेले स्वतःचे नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख मी लहानपणापासून पाहत आलो आहे, पण त्या डोंगरात आधीपासून वावरणाऱ्यांपैकी एकाचेही नाव तेथे नाही, ही उणीव आज प्रथमच जाणवली. पुढच्या खेपेस मेनिंडीला जाऊन दोस्त महंमदाची कबर पाहीन.