अंदमानात सहा रात्री: डाइव्ह शेवटच्या दिवशी ठेवली तर चालेल का?

सांगलीकरीण:
नमस्कार मंडळी. डिसेंबरात अंदमानला निघालोय. मी, नवरा, अकरा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. रविवारी दुपारी पोहोचतो, शनिवारी परत. पहिल्या दोन रात्री पोर्ट ब्लेअर (आताचं श्री विजयपुरम), मग एक नील बेटावर (आताचं शहीद द्वीप), तीन हॅवलॉक बेटावर (आताचं स्वराज द्वीप). सोमवारी सेल्युलर जेल, सासूबाई त्यासाठीच येताहेत. स्कूबा मुद्दाम शेवटच्या दिवशी ठेवलंय, म्हणजे कोणी आजारी पडलं तरी आधीची ट्रिप वाया जायला नको. सकाळी सातला डाइव्ह, साडेनऊची बोट, दीडचं विमान. बसतंय का? मला पोहता येत नाही आणि नवऱ्याला लहानपणी दमा होता.

खारे_दाणे:
ताई, घड्याळात बसतंय, अंगाला मानवणार नाही. पाण्याखाली दहा मीटरवर दाब दुप्पट होतो आणि श्वासातला नायट्रोजन रक्तात विरघळून राहतो. विमानात केबिनमधला दाब असा असतो की जणू आपण कळसूबाईच्याही वर जाऊन बसलोय. त्यात तो वायू बुडबुडे होऊन बाहेर पडायला लागला तर सांधे धरतात, कधी त्याहून वाईट होतं. एका डाइव्हनंतर निदान बारा तास आणि जास्त झाल्या तर अठरा तास विमान नको. मी सरळ चोवीस धरतो.

दुसरं म्हणजे सोमवारी जेल बंद असतं. तेव्हा अख्खा क्रमच उलटा करा. रविवारी पोर्ट ब्लेअरला नुसतं झोपा, सोमवारी सकाळच्या बोटीने हॅवलॉक, मंगळवारी डाइव्ह. हवा बिघडली किंवा कुणाला शिंक आली तर बुधवार हाताशी राहतो. गुरुवारी नील, शुक्रवारी दुपारी जेल, शनिवारी विमान. सावरकरांची कोठडी तिसऱ्या मजल्यावर अगदी टोकाला आहे. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर जिना सावकाश चढवा.

शिंकेचं उगाच म्हणत नाही. मी पहिल्यांदा सर्दी असताना गोळी खाऊन उतरलो होतो. तीन मीटरवर कानात कोणी दाभण खुपसतंय असं वाटलं, तिथूनच परत. पैसे गेले ते गेलेच. नाक चिमटीत धरून हळूच नाकातून फुंकल्यासारखं करायचं ते कान दुखायच्या आधी, पहिल्या मीटरपासूनच.

दुसऱ्या वेळी वेगळीच गंमत. इन्स्ट्रक्टरने ‘ठीक आहे ना?’ असं खुणेनं विचारलं, मी खूश होऊन अंगठा दाखवला. पाण्याखाली अंगठा म्हणजे ‘वर चला’! त्याने इमानदारीत वर आणलं. हे दोनदा झालं. ‘ठीक’ म्हणजे अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ, हे मुलाला घरीच शिकवून ठेवा.

पोहता येत नसलं तरी पहिली डाइव्ह करता येते, इन्स्ट्रक्टर धरूनच असतो. मुलगा दहाच्या पुढचा आहे, चालेल. दम्याचं मात्र फॉर्मवर लपवू नका. इथूनच डॉक्टरांचं पत्र घेऊन जा, तिथे ऐनवेळी मिळत नाही.

मालवणी_खाजा:
वरच्यांशी सहमत. पाण्याचीच भीती असेल तर आधी तारकर्लीला एकदा करून बघा. पाणी अंदमानइतकं नितळ नाही, पण तोंडाने श्वास घ्यायची सवय होते आणि घाबरलात तर घर जवळ आहे. दुसरं, अंदमानात डिसेंबरात पाच-सव्वापाचलाच सूर्य बुडतो. हॅवलॉकच्या राधानगर बीचला चहाबिहा घेऊन सहाला पोचाल तर अंधार बघाल. आम्ही तेच केलं.

खारे_दाणे:
हो, आणि शंख-शिंपले, पोवळ्याचा तुकडा काही उचलू देऊ नका पोराला. विमानतळावर बॅगा उघडतात.

सांगलीकरीण:
बाप रे, सोमवारचं लक्षातच आलं नव्हतं. बोटींचं बुकिंग अजून केलं नाही ते बरंच झालं. सगळं उलटं करते. नवऱ्याला डॉक्टरकडे पाठवलंय, तोंड वाकडं करून गेलाय. मुलगा जेवतानाही वर्तुळं दाखवतोय. सासूबाई पाण्यात उतरणार नाहीत, पण नीलला भरतपूर बीचवर काचेच्या तळाची बोट असते म्हटल्यावर तयार झाल्या. त्यांचा एकच प्रश्न आहे: त्या काचेवर पाय द्यावा लागतो का?