विजेच्या गाडीच्या अनावरणाला गाण्याची बैठक ठेवायची आहे, तानपुरा ऐकू येईल असं काय करावं?

पेटीवाला_शहापूर:
नमस्कार मंडळी. बेळगावात शहापूरला राहतो, तीस वर्षं पेटीची साथ करतोय. भाच्याचं उद्यमबागला विजेच्या गाड्यांचं शोरूम आहे. मार्चात नवी गाडी दाखवायची आहे. "मामा, डीजे नको, आपलं गाणंच ठेवूया," म्हणाला तेव्हा ऊर भरून आला बघा. खरं कार्यक्रम ठरवणारा माणूस म्हणतोय, द्रुत (जलद लयीतलं गाणं) रंगात आलं की धुरातून गाडी मंचावर आणायची.

गेल्या वर्षी अशाच एका कार्यक्रमात मी साथीला होतो. मंचामागं डिझेलचा जनरेटर धडधडत होता. गायिकेनं षड्ज (सा) लावला, खरं तिला तानपुरा ऐकूच येईना. दीड तास माझ्या पेटीच्या आधारानं गायली बिचारी. वर त्या धुरानं दोन दिवस घसा बसला. ते पुन्हा नको. काय करावं सांगा की.

साउंडवाला_निपाणी:
काका, जनरेटर आणूच नका. काही विजेच्या गाड्यांतून बाहेरच्या उपकरणांना वीज घेता येते. ह्युंदाईच्या आयोनिक ५ मधून ३.६ किलोवॉटपर्यंत मिळते. भाच्याच्या गाडीत ती सोय आहे का, हे आधी विचारा. दीडशे माणसांच्या बैठकीला दोन स्पीकर, दोन मॉनिटर (कलाकारांना ऐकू यावं म्हणून त्यांच्याकडं वळवलेले स्पीकर) आणि मिक्सर दोन किलोवॉटमध्ये आरामात बसतात. तीन तासांत फार तर सहा युनिट. २०२३ मध्ये भारतात आलेल्या आयोनिकची बॅटरी ७२.६ युनिटची, म्हणजे दहावा हिस्सासुद्धा जात नाही. कोल्डप्लेनं २०२२ च्या दौऱ्यात बीएमडब्ल्यू आय३ च्या बॅटऱ्या वापरल्या होत्या, आपली बैठक त्यापुढं केवढीशी!

मंचावरचे मोठे दिवे मात्र गाडीवर टाकू नका, ते शोरूमच्या लाइनवर घ्या. आदल्या दिवशी सगळं जोडून तासभर चालवा. स्पीकरमधून घूं असा आवाज आला तर तेव्हाच सापडेल. आणि मॉनिटरमध्ये आधी तानपुरा चढवायचा, मग पेटी.

गाणं याच गाडीच्या विजेवर चाललंय, एवढं निवेदकानं एकदा सांगितलं की लोक उठून गाडी बघायला येतील. त्याला धूर कशाला?

तानपुरा_टिळकवाडी:
गाडी द्रुतात आणायला माझा ठाम विरोध. विजेची गाडी सावकाश चालताना रस्त्यावरच्या माणसांना कळावं म्हणून मुद्दाम आवाज करते. युरोपात जुलै २०२१ पासून सगळ्या नव्या गाड्यांना तो सक्तीचा आहे, ताशी २० किलोमीटरपर्यंत. वेग बदलला की त्याचा स्वरही सरकतो. काळी चारच्या (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुरात लावलेल्या) तानपुऱ्याशेजारी असला फिरता स्वर आला तर गाणाऱ्यानं काय करायचं? भाच्याच्या गाडीत हा आवाज आहे का, एकदा कान देऊन ऐका. गाडी आधीच येऊन उभी राहू दे, मग तानपुरे लावा.

कुमार गंधर्व जन्मले ते सुळेभावी इथून जवळच. आपल्याकडचा श्रोता विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, शांतपणे ऐकतो, त्याच्यावर भरवसा ठेवा.

खानापूरकर:
स्पीकर उघड्यावर असेल तर पोलिसांची लेखी परवानगी काढा. रात्री १० ला बंद करावाच लागतो. सहाला सुरू करा, भैरवी घाईत उरकायला नको.

पेटीवाला_शहापूर:
उपकार झाले मंडळी. भाच्याशी आत्ताच बोललो. गाडीत वीज घ्यायची सोय आहे आणि आवाजही आहे. गाडी साडेपाचला येऊन डाव्या अंगाला उभी राहील, तिच्यातनंच केबल मिक्सरला. धूर रद्द. त्याच गायिकेला बोलावतोय. या वेळी पेटी मागं, तानपुरा पुढं, असं तिला फोनवर सांगितलं तर थोडा वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, "कधीची तारीख?"